मिश्र फुलांची कुंडी आणि टांगती टोपली: बाल्कनीत पहिल्यांदा लावताना

पहिल्या वर्षी मी एका टोपलीत चार तऱ्हेची रोपं कोंबली होती. पिटुनिया, ऑफिस टाईम (म्हणजे पोर्टुलाका), बिगोनिया आणि रंगीत पानांचं कोलियस. रोपवाटिकेत शेजारी शेजारी मांडलेली पाहिली, रंग एकमेकांना शोभले, म्हणून घेतली. आमची बाल्कनी पुण्यात, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. तीन दिवसांत बिगोनियाची पानं कडेने करपली. पिटुनियाला रोज पाणी लागतं म्हणून रोज घातलं, तर ऑफिस टाईम बुडख्याशी कुजलं. कोलियस दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी उठायचं, आणि एक दिवस उठलंच नाही. पंधराव्या दिवशी टोपलीत एकटा पिटुनिया उरला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या साडीवर तांबड्या मातीचा डाग.

रंग जुळले होते, पत्रिका जुळली नव्हती. मिश्र कुंडीत आधी ऊन जुळवायचं, मग पाणी, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी यायचं. तुम्ही हे उलट क्रमाने करू नये एवढ्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

१. आधी ऊन मोजा, मग रोपवाटिकेत जा

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी बाल्कनीत जा. टोपली जिथे टांगणार त्या उंचीवर हात धरा. हातावर ऊन पडतंय का, ते लिहून ठेवा. जमिनीवरचं ऊन बघू नका. वरच्या स्लॅबमुळे फरशीवर ऊन आणि टोपलीच्या जागी सावली असं बऱ्याचदा असतं.

पाच तासांहून जास्त थेट ऊन असेल तर बहुतेक फुलझाडं चालतील. तीन-चार तास असेल आणि ते सकाळचं असेल, तरी पुष्कळ काही जमतं. दोन तासांच्या आत असेल तर फुलांचा हट्ट सोडा आणि रंगीत पानांकडे वळा. पश्चिमेचं तीन तासांचं ऊन पूर्वेच्या तीन तासांसारखं नसतं. दुपारी दोननंतर भिंत तापलेली असते आणि टोपलीला दोन्हीकडून झळ बसते.

दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिसेंबरात पुण्यात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून ऊन तिरपं आत येतं आणि हिवाळाभर बाल्कनी न्हाऊन निघते. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे जानेवारीत जिथे पिटुनिया धुमधडाक्यात फुलला, तिथेच जूनमध्ये ऊन नसतं. उत्तरेच्या बाल्कनीचं नेमकं उलट. तेव्हा मोजणी वर्षातून एकदा करून भागत नाही, हंगामागणिक करा.

२. हंगाम ठरवा: वर्षात तीन टोपल्या

वर्षभर फुलणारी एकच टोपली आपल्या हवेत होत नाही. परदेशी बागांचे फोटो बघून फसू नका. तिथे जो उन्हाळी ताटवा असतो, तो आपल्याकडे हिवाळी असतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून, परतीचा पाऊस सरला की, हिवाळी रोपं रोपवाटिकेत दिसू लागतात: पिटुनिया, डायन्थस, ॲलिसम, व्हर्बिना, फ्लॉक्स, थोड्या थंडीत पॅन्सी. डिसेंबर ते फेब्रुवारी यांचा बहर. एप्रिलच्या झळांत ती जातात. ती मेली म्हणून स्वतःला दोष देऊ नका, त्यांचं आयुष्यच तेवढं. मुंबई-कोकणात हा काळ आणखी आखूड. तिथे पॅन्सीच्या वाटेला न गेलेलं बरं, पिटुनिया मात्र चालतो.

उन्हाळ्यात ऑफिस टाईम, सदाफुली, पेंटास, झिनिया. पावसाळ्यात टोरेनिया, बिगोनिया, तेरडा, कोलियस. सदाफुली जमिनीत कणखर असते, कुंडीत मात्र संततधार पावसात तिची मुळं कुजतात. जून लागला की तिला पागोळ्यांपासून आत घ्या.

३. सामान

टोपली १२ इंची घ्या. आठ इंची टोपली गोड दिसते, पण माती इतकी थोडी की उन्हात दुपारपर्यंत ठणठणीत कोरडी. सुरुवातीला जे जे लोक कंटाळून सोडून देतात, त्यातल्या अनेकांनी छोटी टोपली घेतलेली असते. प्लास्टिकची, खाली बशी जोडलेली टोपली नवख्यांसाठी सगळ्यात सोयीची. काथ्याचं अस्तर असलेली तारेची टोपली देखणी, पण चारही बाजूंनी वाळते. तीच हवी असेल तर काथ्याच्या आतून जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरा आणि त्याला तळाशी पाच-सहा भोकं पाडा.

जमिनीवरच्या मिश्र कुंडीसाठी १४ ते १६ इंच व्यास हवा. त्याहून लहान कुंडीत तीन झाडं एकमेकांची मुळं ओढत बसतात.

याशिवाय लागेल ते: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळ खत, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), थोडी निंबोळी पेंड, १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), छोटी कात्री, लांब नळीची झारी, जाळीचा तुकडा (जुन्या मच्छरदाणीचा चालतो), आणि छताला बसवायचा अँकर हुक. खुरपं नसलं तरी जुना डाव पुरतो. घरच्यांना विचारून घ्या.

४. माती: हलकी, पण पोकळ नव्हे

नुसती बागेतली माती टोपलीत भरू नका. १२ इंची अर्धगोल टोपलीत साधारण सात लिटर माती बसते. ओली झाली की तिचं वजन अकरा-बारा किलोवर जातं. काळी माती असेल तर वाळल्यावर ती टोपलीपासून सुटते, भेगा पडतात आणि पाणी कडेने सरळ खाली. मी वापरतो ते मिश्रण असं: पाच वाटे कोकोपीट, तीन वाटे गांडूळ खत, दोन वाटे परलाइट, आणि टोपलीमागे मूठभर निंबोळी पेंड. वजन निम्म्याच्या आसपास येतं. जमिनीवरच्या कुंडीत दोन वाटे लाल मातीही घाला, म्हणजे ती वाऱ्याने कलंडणार नाही.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवून फुगली की आठ-नऊ लिटर होते, दोन टोपल्यांना पुरते. ती भिजवून लगेच वापरू नका. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, तांदूळ धुतो तसं.

तळाशी खापऱ्या आणि खडी घालायचा रिवाज घराघरांत आहे, माझ्या आईचाही होता. निचरा त्याने सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरात सहजी उतरत नाही, त्या थराच्या वरच तुंबतं, आणि ओली माती उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बास.

५. रोपं निवडताना

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. फुलांनी लगडलेलं रोप उचलावंसं वाटतं. उचलू नका. त्याने पिशवीतच आपली ताकद खर्च केलेली असते. बुटकं, तीन-चार फांद्या फुटलेलं, कळ्या दिसताहेत पण फूल एखादंच, असं रोप घ्या. रंग खात्रीने कळावा एवढ्यासाठी ते एक फूल. पान उलटून मावा, पांढरे कापसासारखे पिठ्या ढेकूण आहेत का बघा. एक किडकं रोप अख्खी टोपली बाटवतं.

मग तहान. रोपवाल्याला "याला ऊन किती" हे सगळे विचारतात, "पाणी किती दिवसांनी" हे विचारा. ढोबळ वाटणी माझी अशी: पिटुनिया, ॲलिसम, डायन्थस, पॅन्सी रोजच्या पाण्याची. टोरेनिया, कोलियस, बिगोनिया सावलीतली. त्यांतही टोरेनिया आणि कोलियस तहानलेली, तर बिगोनियाला पाण्यात उभं राहणं खपत नाही, म्हणून तो टोपलीच्या कडेला, उंचवट्यावर. ऑफिस टाईम, सदाफुली आणि जांभळ्या पानांचं पर्पल हार्ट ही माती वाळल्यावरच पाणी मागणारी. एका कुंडीत एकाच पंगतीतली झाडं बसवा.

पुण्याजवळ उरुळी कांचन परिसरात मोठ्या रोपवाटिका आहेत, शक्य असेल तर एकदा तिकडे चक्कर मारा. आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा वही घेऊन जा. तिथल्या कुंड्या नुसत्या बघून येऊ नका, एका कुंडीत किती रोपं आहेत ते मोजा. आपल्या अंदाजापेक्षा कमीच निघतात.

घरात मांजर-कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर: सदाफुली विषारी आहे, मनी प्लांट चघळला तर तोंड सुजतं. अशी झाडं हाताला न येतील अशी टांगा. लोंबणाऱ्या फांद्यांशी मांजर खेळतं हेही धरून चाला.

६. मांडणी: एक उंच, काही भरीची, काही ओघळती

जमिनीवरच्या कुंडीत एक झाड उंच असावं, त्याच्या पायाशी भर घालणारी, आणि कडेवरून ओघळणारी. कुंडी चारही बाजूंनी दिसणार असेल तर उंच झाड मध्ये, भिंतीला टेकून असेल तर मागे. उंच झाड कुंडीच्या उंचीच्या दीडपटीच्या आसपास वाढणारं घ्या. त्याहून उंच गेलं की कुंडी लग्नात मुंडावळ्या बांधून उभ्या राहिलेल्या एखाद्या लुकड्या मुलासारखी दिसते.

टांगत्या टोपलीत उंच झाडाची गरजच नसते. ती आपण खालून आणि बाजूने बघतो, शेंडा कोणाला दिसतो? तिथे भर आणि ओघळ एवढंच. रोपवाटिकेत "हँगिंग पिटुनिया" असं मागा, तो फांद्या खाली सोडतो. साधा मोठ्या फुलांचा पिटुनिया सरळ वाढतो आणि अवकाळी पावसाच्या एका सरीत त्याची फुलं ओल्या कागदासारखी चिकटतात.

मला जमलेली तीन मिश्रणं देतो.

हिवाळा, भरपूर ऊन, १२ इंची टोपली: हँगिंग पिटुनियाची तीन रोपं एकाच रंगाची, मध्ये मध्ये कडेला पांढऱ्या ॲलिसमची तीन. ॲलिसमला मधासारखा वास येतो, दुपारी मधमाश्या घोंगावतात.

पावसाळा, सावली, १२ इंची टोपली: मध्ये एक लाल-हिरवा कोलियस, बाजूने जांभळ्या टोरेनियाची तीन रोपं, कडेला टर्टल वाइनचे (बारीक पानांची ओघळती वेल) दोन झुपके. टर्टल वाइन विकत घेऊ नका, शेजाऱ्यांकडून चार कांड्या आणा. ओल्या मातीवर नुसत्या टेकवल्या तरी रुजतात. कोलियसला फुलाचे तुरे आले की खुडून टाका, नाहीतर पानांचा रंग उतरतो.

उन्हाळा, कडक ऊन, १६ इंची कुंडी: मागे एक गुलाबी पेंटास, पुढे पांढऱ्या सदाफुलीची तीन, कडेला पर्पल हार्टच्या तीन कांड्या. पेंटास यात थोडा जास्त तहानलेला, म्हणून पाणी त्याच्या बुंध्याशी ओता. फुलपाखरं त्याच्यावर येतातच.

आणि अगदीच पहिली खेप असेल तर मिश्रणाचा नाद सोडून एका टोपलीत एकाच रंगाचे पाच पिटुनिया लावा. तज्ज्ञ नाकं मुरडतील. पण लांबून पाहिलं तर अशी टोपलीच सगळ्यात भरगच्च दिसते.

७. रंग: बाल्कनीत तुम्ही किती वाजता बसता?

रंगचक्र वगैरे पुस्तकांत असतं. मी एकच प्रश्न विचारतो: बाल्कनीत तुम्ही प्रत्यक्ष कधी बसता? आम्ही दोघंही सातनंतर घरी येतो. पहिल्या वर्षी हौसेने गडद जांभळा पिटुनिया लावला. संध्याकाळी अंधुक उजेडात तो दिसायचाच नाही, टोपली रिकामी आहे की काय असं वाटायचं. गडद निळा, जांभळा, मरून हे रंग उजेड कमी झाला की आधी विरघळतात. पांढरा, फिकट पिवळा, फिका गुलाबी शेवटपर्यंत तग धरतात. सकाळी चहा घेऊन बसणाऱ्यांनी हवा तो रंग घ्यावा.

भिंतीचा रंगही बघा. क्रीम रंगाच्या भिंतीपुढे पिवळी फुलं हरवतात. आणि एका टोपलीत दोन रंग पुरे, तिसरा पांढरा असला तरच. रोपवाटिकेत "मिक्स" म्हणून देतात ती रोपं घेतली की टोपली होळीची होते.

८. लावणी

संध्याकाळी लावा. रोपांना आदल्या रात्री पाणी घाला.

पिशवीतलं रोप काढलं की बऱ्याचदा हाताला लाल मातीचा घट्ट गोळा लागतो. तो तसाच हलक्या मिश्रणात ठेवला तर पाणी आजूबाजूच्या मऊ मातीतून निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. टोपली ओली, झाड सुकतंय, असा प्रकार दिसला तर कारण बहुधा हेच. गोळा बादलीत पाच मिनिटं बुडवा, बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हळूच सोडवा. मुळं थोडी तुटली तरी घाबरू नका.

टोपली दोन तृतीयांश भरा, आधी मधलं रोप, मग कडेची. कडेची रोपं बाहेरच्या बाजूला तिरपी लावा, म्हणजे ती लवकर ओघळतात. दोन रोपांत चार-पाच बोटं अंतर. आत्ता विरळ वाटेल, तीन आठवड्यांनी वाटणार नाही. वर एक इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घातलं की माती खाली, म्हणजे काकूंच्या साडीवर.

आता मन घट्ट करा आणि सगळी फुलं, कळ्या आणि पिटुनियाचे शेंडे खुडा. माझ्या बायकोला हे अजून बघवत नाही. पण शेंडा खुडला की खालून दोन-तीन फांद्या फुटतात. चार-पाच दिवस टोपली सावलीत जमिनीवर ठेवा, मग टांगा.

९. टांगणं

आजोळी स्वयंपाकघरात दुधाचं शिंकाळं असायचं, ते तुळईला बांधलेलं. आपल्या फ्लॅटला तुळई नाही, स्लॅब आहे, आणि स्लॅबवर गिलावा आहे. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला हुक आज ना उद्या निघतो. भोक गिलाव्यातून पुढे काँक्रीटपर्यंत जायला हवं आणि त्यात अँकर हुक बसायला हवा. ड्रिल करणाऱ्याला हे स्पष्ट सांगा, आणि पीओपीचं छत असेल तर तिथे टांगायचा विचार सोडा. हुक बसल्यावर पाण्याने भरलेली बादली एक दिवस टांगून बघा.

टोपली कठड्याच्या आतच हवी, बाहेर कधीच नको. चौथ्या मजल्यावरून सात किलो खाली गेलं तर त्याला अपघातच म्हणतात. शिवाय बऱ्याच सोसायट्यांचा तसा नियमही असतो. उंची डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवा. स्टुलावर चढून पाणी घालावं लागणारी टोपली आठवड्याभरात उपाशी राहते. दर रविवारी पाव फेरा फिरवा, नाहीतर भिंतीकडची बाजू उघडी पडते.

१०. पाणी, खत, खुडणी

टोपलीला पाणी हवं का, हे बोटाने नाही, वजनाने ओळखा. खालून तळहाताने उचला. दोन दिवसांत हाताला सवय होते. हिवाळ्यात दिवसाआड ते रोज, मार्चनंतर उन्हातल्या टोपलीला दोनदाही. घालाल तेव्हा तळातून थेंब पडेपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून द्या. डासांची अंडी कोणाला हवीत?

कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की पाणी पीत नाही, वरच्या वर वाहून जातं. गावाला जाऊन आल्यावर हमखास होतं. टोपली उतरवून बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नाही, आणि रोजच्या पाण्याने गांडूळ खतातलंही वाहून जातं. लावणीनंतर तीन आठवड्यांनी सुरू करून दर दहा दिवसांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ द्या, तेही माती ओली असताना. जास्त घातलं म्हणून जास्त फुलं येत नाहीत, पानांच्या कडा जळतात.

पिटुनियाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्यावर हे फार होतं. खत वाढवू नका, खताच्या दुकानातून चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं असं लोह) आणून पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, आणि जमलं तर पाणी नळाचं द्या.

सुकलेली फुलं पाकळीसकट ओढू नका, मागचं हिरवं बोंडही तोडा. बोंड राहिलं की झाड बी करायला लागतं आणि फुलं थांबतात. अपवाद ॲलिसम, त्याला एकेक कुठे खुडणार, कात्रीने वरवर भादरा. जानेवारीत पिटुनिया मध्ये टकला झाला तर फांद्या निम्म्याने छाटा. दोन-तीन आठवडे टोपली केविलवाणी दिसेल, मग फेब्रुवारीत दुसरा बहर येतो. मावा दिसला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारा.

११. हंगाम संपल्यावर

एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिवाळी टोपली ओढगस्तीला येते. तिला जास्तीचं पाणी घालून जगवायच्या मागे लागू नका. रोपं उपटा, मुळं झटका, माती जुन्या चादरीवर पसरून मेच्या उन्हात आठ दिवस वाळवा, अधूनमधून हलवा. मग दोन वाटे जुनी माती, एक वाटा नवं गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून गोणीत भरून ठेवा. टोपल्यांच्या साखळ्या घासून गंज बघा, हुक हाताने ओढून बघा. टोरेनियाची रोपं जूनच्या पहिल्या पावसाबरोबर येतात, तोवर गोणी कोरड्या जागी राहू द्या.